सिलिंडर मोजून स्पोर्ट्स कार कळत नाही

पोर्शे ७१८ चं उत्पादन २०२५ मध्ये थांबलं, तिच्यावरचा वाद मात्र अजून चालूच आहे. २०१६ मध्ये पोर्शेने बॉक्स्टर आणि केमन या आपल्या दोन धाकट्या स्पोर्ट्स कारमधलं सहा सिलिंडरचं इंजिन काढलं, त्या जागी चार सिलिंडरचं टर्बो (एक्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेलं) इंजिन बसवलं, बाहेरचे बरेचसे पत्रे बदलले आणि दोघींच्या नावाआधी ७१८ हा आकडा लावला. तेव्हापासून गाडीवेड्यांमध्ये जे दोन तट पडले ते आजही हटायला तयार नाहीत. एका तटाचं म्हणणं, चार सिलिंडरची पोर्शे म्हणजे पोर्शेच नव्हे. दुसरा तट स्टॉपवॉच पुढे करतो: नवी गाडी जुनीपेक्षा जोरात पळते, पेट्रोल कमी पिते, मग तक्रार कसली? इतकी वर्षं दोन्ही बाजू तेच तेच मुद्दे उगाळताहेत आणि मूळ प्रश्नाला कुणीच हात घालत नाही.

मी कुठे उभा आहे ते आधीच सांगतो. इंजिन लहान करण्यात काही पाप नव्हतं. इंजिन लहान करूनही गाडी हलकी केली नाही, हे चुकलं. त्या लहान इंजिनाकडून मोठ्या इंजिनाचे आकडे काढून घेण्याच्या नादात चालकाचा पाय आणि इंजिन यांच्यातला थेट संबंध सैल केला, हे त्याहून चुकलं. सिलिंडर सहा की चार हा प्रश्न दुय्यम आहे. लहान इंजिनाचा जो फायदा व्हायला हवा होता तो स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसापर्यंत पोहोचला का, हे विचारायला हवं. आणि ७१८ च्या बाबतीत तो फारसा पोहोचला नाही. याचा दोष एकट्या पोर्शेच्या माथी मारता येणार नाही. सीसी बघून कर लावणारी सरकारं आणि कुठलीही गाडी दिसली की ‘शून्य ते शंभर किती सेकंदांत?’ असं पहिल्यांदा विचारणारे आपण, दोघांचाही त्यात वाटा आहे.

पहिल्या तटाचा दावा आधी घेऊ, कारण तो इतिहासासमोर टिकत नाही. पोर्शेचं नाव ज्या पहिल्या गाडीवर लागलं ती १९४८ ची ३५६ चार सिलिंडरचीच होती. १९५३ ची ५५० स्पायडर, जिने या छोट्या कंपनीला रेसिंगच्या जगात नाव मिळवून दिलं, तिच्यात एर्न्स्ट फुरमान यांनी बनवलेलं दीड लिटरचं, चार कॅमशाफ्टचं इंजिन होतं; सिलिंडर चारच. मूळ ७१८ ही १९५७ ची रेसिंग कार. तिच्यातही त्याच घराण्यातलं चार सिलिंडर इंजिन होतं आणि तिने सिसिलीच्या डोंगरी रस्त्यांवरची टार्गा फ्लोरिओ ही शर्यत १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोनदा जिंकली. १९६० मध्ये अमेरिकेत सेब्रिंगची बारा तासांची शर्यतही तिचीच. समोर दुपटीने मोठ्या इंजिनांच्या गाड्या होत्या. सहा सिलिंडरची ९११ आली ती १९६४ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी कंपनीने तिच्याच सांगाड्यात चार सिलिंडर घालून ९१२ काढली, जी सुरुवातीच्या काळात ९११ पेक्षा जास्त खपली. पुढे ९१४, ९२४, ९४४ आल्या. २०१५, २०१६, २०१७ अशी सलग तीन वर्षं ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या ९१९ हायब्रिडमध्ये काय होतं? दोन लिटरचं, चार सिलिंडरचं टर्बो इंजिन. तेव्हा ‘चार सिलिंडर म्हणजे पोर्शे नव्हे’ असं म्हणायचं असेल तर पोर्शेचा अर्धा इतिहास कापून बाजूला ठेवावा लागेल.

पण या तटाकडे एक भक्कम मुद्दा आहे आणि तो भावनेचा नसून यंत्रशास्त्राचा आहे. आडव्या सहा सिलिंडरच्या इंजिनात समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात, एकाच वेळी आत येतात, आणि तिन्ही जोड्यांचे हिसके एकमेकांना जवळजवळ पूर्ण मारून टाकतात. म्हणून ते इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या वर नेलं तरी थरथरत नाही. आवाज चढत जातो, पण कर्कश होत नाही. आडव्या चार सिलिंडरमध्ये हा हिशेब पुरता जुळत नाही. थोडी डुलण्याची प्रवृत्ती उरतेच. त्यात एक्झॉस्टच्या वाटेवर टर्बो बसला की आवाजाच्या वरच्या पट्ट्या तो गिळून टाकतो. ७१८ सुरू केल्यावर अनेकांना आडवी चार सिलिंडरची इंजिनं वापरणाऱ्या जपानी सुबारूची आठवण झाली ती काही द्वेषापोटी नव्हे. आणि स्पोर्ट्स कार ही गरजेची वस्तू नाही. ऑफिसला जायला, किराणा आणायला ती कुणी घेत नाही. माणूस ती घेतो ते तिच्या सहवासासाठी, आणि त्या सहवासाचा मोठा भाग कानांतून येतो. ‘आवाजाचं काय एवढं?’ असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तरीही आवाजावरच अडून बसणं मला पटत नाही. आपल्याकडे बुलेटचं जुनं कास्ट आयर्न इंजिन २०१० च्या सुमारास गेलं तेव्हा किती गहजब झाला होता! तो ठोका गेला, आता ही बुलेट कसली, असं लोक म्हणत होते. ठोका बदलला हे खरंच. पण नवं ३५० चं इंजिन बनवताना पिस्टनचा ७० मिलिमीटर व्यास आणि ९० मिलिमीटरचा लांब स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) तसाच ठेवला होता. त्यामुळे खालच्या फेऱ्यांवर, चढावर, दोघं बसलेले असताना गिअर न बदलता ओढत राहण्याचा बुलेटचा स्वभाव शाबूत राहिला. त्यानंतर रॉयल एन्फील्डचा खप कित्येक पटींनी वाढला. आवाज बदलूनही यंत्राचा स्वभाव टिकू शकतो, आणि स्वभाव टिकला तर लोक नवा आवाज पत्करतात. म्हणून ७१८ बद्दलही मी विचारतो: आवाजाखाली जो स्वभाव होता, त्याचं काय झालं?

याच जागी दुसरा तट पुढे सरसावतो आणि त्याचे आकडे खरोखर तगडे आहेत. जुन्या ९८१ पिढीच्या केमनमध्ये २.७ लिटरचं इंजिन २७५ अश्वशक्ती आणि २९० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, द्यायचं. नव्या ७१८ केमनमध्ये दोन लिटरचं इंजिन ३०० अश्वशक्ती आणि ३८० न्यूटन मीटर देतं. मॅन्युअल गिअरवर शून्य ते शंभर ५.७ सेकंदांवरून ५.१ वर आलं. बॉक्स्टर एस जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या ट्रॅकवर आधीच्या गाडीपेक्षा १६ सेकंद लवकर फेरी मारते, असं पोर्शेने जाहीर केलं, आणि त्यावर शंका घेण्याचं कारण नाही. इंधनाचा कागदावरचा आकडाही सुधारला. शिवाय रोजच्या वापरात खालच्या फेऱ्यांवर मिळणारा जोर किती सुखाचा असतो, हे शहरात गाडी चालवणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको. एवढं सगळं मिळूनही रडणाऱ्यांना हट्टी म्हटलं तर चुकलं कुठे?

चुकलं ते इथे, की यातला एकही आकडा स्पोर्ट्स कार नावाच्या वस्तूचं प्रयोजन मोजत नाही. जोरात जाणं हेच प्रयोजन असतं तर आज एखादी चांगली इलेक्ट्रिक सेडान घेऊन मोकळं व्हावं. ती शून्य ते शंभरमध्ये बहुतेक स्पोर्ट्स कारना मागे टाकते, आत चार माणसं आणि सामान घेऊन. सार्वजनिक रस्त्यावर वेगमर्यादा आहे, समोर ट्रक आहे, कडेला सायकलवाला आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीलाही मर्यादा ताशी १०० ची. तिथपर्यंत ०.६ सेकंद आधी पोहोचून पुढे करायचं काय? स्पोर्ट्स कारचा आनंद त्या मर्यादेच्या आतच सापडायला हवा: इंजिनाला कुठल्या फेऱ्यांवर ठेवायचं, गिअर कधी टाकायचा, वळणात पाय किती उचलायचा, या कामात चालकाचा वाटा किती, यात.

आता टॉर्कचे ते दोन आकडे पुन्हा बघा. जुनं इंजिन आपला पूर्ण टॉर्क ४,५०० फेऱ्यांवर द्यायला लागायचं आणि ६,५०० पर्यंत टिकवायचं. कमाल शक्ती त्याहूनही वर, ७,४०० वर. म्हणजे काही हवं असेल तर तुम्हाला वर जावं लागायचं, गिअर नीट निवडावा लागायचा, आणि ती मेहनत करताना इंजिन तुमच्याशी बोलत असायचं. नवं इंजिन १,९५० फेऱ्यांवरच सगळं हातात ठेवतं आणि ४,५०० च्या पुढे त्याचा टॉर्क उतरू लागतो. जिथे जुन्याची गंमत सुरू व्हायची नेमकं तिथे. वर जायला कारणच उरत नाही. चौथ्यात असा, पाचव्यात असा, पाय दाबला की गाडी निघते. प्रवासी गाडीत हा गुणच आहे. पण ज्या गाडीत मॅन्युअल गिअरबॉक्स केवळ आनंदासाठी घ्यायचा, तिथे तो गिअरबॉक्सच बिनकामाचा होऊन बसतो.

याहून बारीक, आणि माझ्या मते याहून महत्त्वाची, एक गोष्ट आहे. टर्बोला फिरायला एक्झॉस्टचा झोत लागतो. पाय उचलला की झोत मंदावतो, टर्बो सुस्तावतो, आणि पुन्हा दाबल्यावर जोर यायला क्षणभर वेळ लागतो. ही सुस्ती लपवण्यासाठी पोर्शेच्या इंजिनिअरांनी ७१८ मध्ये विलक्षण हुशारी केली: स्पोर्ट क्रोनो हे जादा पैशांचं पॅकेज असलेल्या गाडीत तुम्ही क्षणभर ॲक्सिलरेटर सोडला तरी हवा घेणारी थ्रॉटलची झडप उघडीच राहते, फक्त पेट्रोल बंद होतं. इंजिनातून हवा वाहत राहते, दाब टिकतो, आणि पाय परत पडताच जोर हजर. तंत्र म्हणून मी याला मनापासून दाद देतो. पण त्याचा अर्थ नीट बघा. पायाने सांगितलं ‘झडप मिट’, आणि यंत्राने ती उघडी ठेवली, कारण काही क्षणांनी तुम्हाला काय हवं असेल ते त्याने आधीच ठरवून टाकलं. इंजिन मधोमध असलेल्या गाडीत वळणात शिरताना पाय थोडा उचलला की वजन पुढच्या चाकांवर सरकतं, नाक आत वळतं. पाय हलकेच परत ठेवला की मागचा भाग सावरतो. हे सगळं पायाच्या टोकाच्या काही मिलिमीटरमध्ये घडतं. त्या संभाषणात मध्ये दुभाषी बसवला, तो कितीही वाकबगार असला, तरी ते संभाषण थेट राहत नाही. १६ सेकंद वाचले ते खरे, पण ते वाचवण्याच्या कामात चालकाचा वाटा कमी झाला.

हे सारं मान्य करूनही मी लहान इंजिनाची बाजू घेतो, कारण लहान इंजिनाकडून मिळायला हवी अशी एक मोठी गोष्ट आहे: वजनातली घट. ७१८ मध्ये तिचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. दोन सिलिंडर कमी झाले, म्हणजे दोन पिस्टन, दोन कनेक्टिंग रॉड, आठ व्हॉल्व्ह आणि क्रँकशाफ्टचा एक तुकडा गेला. तरीही जुन्या केमनचं १,३१० किलो वजन नव्या गाडीत १,३३५ किलो झालं. टर्बो, त्याच्या नळ्या, आत येणारी हवा थंड करणारं इंटरकूलर आणि त्याची पाण्याची व्यवस्था, सगळ्यांनी मिळून वाचवलेलं तर खाल्लंच, वर पंचवीसेक किलोंची भर घातली. मग लहान केलं म्हणजे नेमकं काय केलं? या वादात दहा वर्षं सिलिंडर मोजणाऱ्यांपैकी किती जणांनी ही ओळ वाचली?

इथे दुसऱ्या तटाचे लोक हमखास ९९६ या ९११ च्या पिढीचा दाखला देतात. १९९७ मध्ये ९११ चं इंजिन हवेऐवजी पाण्याने थंड करायला घेतलं तेव्हाही जुने लोक असेच चिडले होते, पुढच्या दिव्यांना तर तळलेल्या अंड्याची उपमा मिळाली होती. पण तीच गाडी आणि तिच्यासोबतची पहिली बॉक्स्टर यांनी डबघाईला आलेल्या कंपनीला वर काढलं. दाखला खरा आहे. फक्त तो त्यांच्या बाजूने बोलत नाही. पाण्याने थंड होणारं इंजिन आलं तेव्हा प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह देणं शक्य झालं, इंजिन आधीपेक्षा जास्त फेऱ्या घेऊ लागलं, आणि नवी गाडी आधीच्या ९९३ पेक्षा सुमारे ५० किलोंनी हलकी होती. म्हणजे ९९६ मध्ये परंपरा मोडली, पण मोडण्याचा मोबदला चालकाला मिळाला. ७१८ मध्ये परंपरा मोडली आणि मोबदला मिळाला तो कागदाला.

(दिसण्याच्या बाबतीत मात्र मला ७१८ आवडते. मागच्या दोन दिव्यांना जोडणारी काळी पट्टी आणि तिच्यावरचं पोर्शेचं नाव तिला जुन्या गाडीपेक्षा रुंद आणि ठाम बनवतं. बदल इतके बेताचे होते की त्यावर भांडण्यासारखं फार काही नाही.)

चार सिलिंडर, लहान इंजिन आणि निखळ आनंद एकत्र नांदू शकतात याचे पुरावे हवे तेवढे आहेत. बीएमडब्ल्यूची पहिली एम३ आठवा. १९८६ मध्ये त्याच सांगाड्याच्या साध्या ३ सिरीजला सहा सिलिंडरचं इंजिन मिळत असताना एम३ साठी मुद्दाम चार सिलिंडरचं २.३ लिटर इंजिन बांधलं गेलं, कारण ते आखूड होतं, नाकावरचा भार कमी करत होतं आणि जास्त फेऱ्या सहन करत होतं. १९९२ च्या पुढच्या एम३ मध्ये सहा सिलिंडर आले तेव्हा जाणकारांची तक्रार अगदी उलटी होती: गाडी मऊ झाली! १९९६ ची लोटस एलिस १.८ लिटरच्या साध्या रोव्हर इंजिनावर आणि १२० च्या आसपास अश्वशक्तीवर जगभर नावाजली गेली, कारण तिचं वजन ७२५ किलोंच्या घरात होतं. आणि ७१८ च्या अगदी समोरासमोरचं उदाहरण म्हणजे २०१७ ची अल्पीन ए११०. फ्रान्समधल्या दिएपमध्ये बनणाऱ्या या गाडीत १.८ लिटरचं चार सिलिंडर टर्बो इंजिन आहे, २५२ अश्वशक्तीचं, म्हणजे ७१८ केमनपेक्षा जवळजवळ पन्नासने कमी. मॅन्युअल गिअरबॉक्स नाहीच. तरीही ती शून्य ते शंभरला ७१८ केमनच्या तोडीस तोड आहे आणि वळणावळणाच्या रस्त्यावर तिला जगभरच्या परीक्षकांनी डोक्यावर घेतलं. तिचं वजन सुमारे १,१०० किलो आहे. चार सिलिंडर तिथेही आहेत, टर्बो तिथेही आहे. सव्वादोनशे किलो तिथे नाहीत.

मग पोर्शेने तसं का केलं नाही? या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी कंपनीच्या बाहेर आहे. २०१६ च्या सुमारास पोर्शेची सर्वांत मोठी बाजारपेठ चीन होती, आणि चीनमध्ये गाडीवरचा उपभोग कर इंजिनाच्या आकारमानावर ठरतो: दोन लिटरपर्यंत ५ टक्के, अडीच लिटरपर्यंत ९, तीनपर्यंत १२, आणि तीन लिटर ओलांडले की एकदम २५ टक्के. दोन लिटरचं इंजिन कुठून आलं हे कळायला यापुढे इंजिनिअरिंगचं पुस्तक उघडायची गरज नाही. अशी उदाहरणं जुनी आहेत. इटलीत दोन लिटरच्या वरच्या गाड्यांना ३८ टक्के मूल्यवर्धित कर होता, म्हणून फेरारीने १९८० मध्ये ३०८ जीटीबीचं इंजिन आक्रसून २०८ जीटीबी काढली. तिची १५५ अश्वशक्ती फेरारीच्या नावाला शोभेना, म्हणून १९८२ मध्ये तिला टर्बो लावला. रस्त्यावरची ती पहिली टर्बो फेरारी. त्याच वाटेने फेरारी पाच वर्षांत एफ४० पर्यंत पोहोचली, २.९ लिटर आणि दोन टर्बोंच्या त्या गाडीपर्यंत, जिच्यापुढे आजही माणसं हात जोडून उभी राहतात. टर्बोला जन्मजात खोट असती तर असं झालं असतं का? एफ४० मध्ये टर्बोची सुस्ती कुणी लपवली नाही आणि गालिचेसुद्धा काढून टाकून वजन उतरवलं.

करामुळे इंजिन लहान होतं तेव्हा बाकीची गाडी कशी होईल, हे त्या कराच्या शब्दरचनेवर ठरतं. या वादात हा मुद्दा जवळपास कुणीच काढत नाही. जपानचा केई, म्हणजे सवलतीच्या चिमुकल्या गाड्यांचा, नियम १९९० पासून इंजिन ६६० सीसीवर रोखतो, पण तो तेवढ्यावर थांबत नाही. गाडीची लांबी-रुंदीही बांधून देतो. इंजिन लहान, तर गाडीही लहानच. याच चौकटीत होंडाने १९९१ मध्ये बीट काढली: मधोमध ६५६ सीसीचं तीन सिलिंडर इंजिन, टर्बो नाही, ६४ अश्वशक्ती आणि तीही ८,१०० फेऱ्यांवर, वजन ७६० किलो. चौसष्ट अश्वशक्तीची ती गाडी आजही शौकीन जपून ठेवतात. आपल्याकडचं उदाहरणही लांब नाही. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोल असेल तर १,२०० सीसीच्या आतल्या गाड्यांना सवलत दिली, तेव्हा स्विफ्टचं १.३ लिटरचं इंजिन त्या रेषेच्या जरा वर होतं. २०१० मध्ये मारुतीने तिथे १.२ लिटरचं के-सिरीज इंजिन बसवलं. कोण रडलं? जवळजवळ कुणीच नाही, कारण गाडी छोटी आणि हलकी राहिली आणि नवं इंजिन जुन्याइतक्याच उत्साहाने वर जायचं. उलट नुसत्या सीसीवर कर लावला, वजन आणि आकार मोकळे सोडले, की कंपनी लहान इंजिनात टर्बो कोंबून जड गाडी ओढायला लावणारच. तिला दुसरं काही करायला आपण कारण कुठे दिलं?

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: युरोपचे धुराचे आणि आवाजाचे नियम इतके कडक आहेत की कंपनीपुढे पर्याय नव्हता. यात तथ्य आहे. विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी कार्बन डायऑक्साइडचा हिशेब कंपनीला द्यावा लागतो आणि हजारोंनी खपणारं मॉडेल त्यात जड जातं. पण २०२० मध्ये पोर्शेने काय केलं? जीटीएस ४.० नावाने ७१८ मध्ये सहा सिलिंडर परत आणले, चार लिटरचे, टर्बोशिवाय, ४०० अश्वशक्तीचे. तेही त्याच नियमांत बसवून: एक्झॉस्टला कण अडवणारे फिल्टर, आणि कमी भारावर एका बाजूचे तीन सिलिंडर आळीपाळीने बंद ठेवण्याची सोय. म्हणजे मार्ग होता; तो महागातल्या गाडीपुरता ठेवला. आणखी एक गोष्ट सहा सिलिंडरवाल्यांनीही ऐकावी. त्या जीटीएसचे गिअर इतके लांब आहेत की दुसऱ्यातच ती ताशी १२५ च्या पुढे जाते. अशा इंजिनाला पूर्ण गाऊ द्यायचं तर दुसऱ्यातच कायदा मोडावा लागतो. सिलिंडर परत मिळाले, तरी रस्त्यावर वापरता येईल असा आनंद पूर्ण परत मिळाला नाही. मापच चुकीचं आहे असं मी म्हणतो ते यासाठीसुद्धा.

आणि हे माप बदललं नाही तर वाट कुठे जाते हे मर्सिडीज-एएमजीने दाखवून दिलं आहे. २०२२ ची सी६३ एस: आठ सिलिंडर काढून दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन, सोबत बॅटरी आणि मोटर, एकूण ६८० अश्वशक्ती आणि २,१०० किलोंहून जास्त वजन. कागदावर शक्तीत आणि शून्य ते शंभरमध्ये आधीच्या गाडीला ती हरवते, आणि चाहत्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. लोकांनी म्हटलं, चार सिलिंडर म्हणून. मला वाटतं तेवढंच कारण नव्हतं. दोन टनांच्या वर गेलेल्या गाडीत आठ सिलिंडर निदान सोबत तरी करतात. चार सिलिंडरचा एकच खरा फायदा असतो, आणि नेमका तोच तिथे शिल्लक राहिला नव्हता.

पुढची ७१८ विजेवर चालेल असं पोर्शेने आधी ठरवलं होतं. २०२५ मध्ये कंपनीने सांगितलं की वरच्या श्रेणीत पेट्रोल इंजिनंही ठेवू. (युरोपात जुन्या ७१८ ची विक्री २०२४ मध्ये थांबली ती धुरामुळे किंवा आवाजामुळे नव्हे, गाडीतल्या संगणकांच्या सुरक्षेचे नवे नियम आले म्हणून. दहा वर्षं सिलिंडरवर भांडणाऱ्यांपैकी कुणाच्या मनातही हे आलं नसेल.) आता वाद पेट्रोल विरुद्ध बॅटरी असा सुरू होईल आणि पुन्हा एकदा दोन तट चुकीच्या ओळीवर बोट ठेवतील. फ्रान्सने २०२२ पासून गाडीच्या वजनावर कर लावला, आधी १,८०० किलोंच्या वर, २०२४ मध्ये १,६०० च्या वर आणि २०२६ पासून १,५०० च्या वर. स्पोर्ट्स कारवर जीव असलेल्या माणसाने अशा कराला विरोध करायचं कारण नाही. उलट तो आणखी खाली, चौदाशेपर्यंत आणा अशी मागणी करायला हवी, आणि त्या बदल्यात सीसीवरचे कर काढून टाका म्हणायला हवं. तसं झालं तर तीन सिलिंडर घालायचे की सहा, टर्बो लावायचा की नाही, हे इंजिनिअर ठरवतील, जमाखर्चाचं खातं नव्हे. आणि मग कुणी बाराशे किलोंची, अडीचशे अश्वशक्तीची, मॅन्युअल गिअरची मधल्या इंजिनाची गाडी पुन्हा बनवली, तर तिच्यात सिलिंडर किती हे मी चालवून झाल्यावर विचारेन.